कक्षेतल्या हॉल थ्रस्टरचा जोर खरोखर घटला आहे का? मोजमाप, निदान आणि निगा

प्रश्न थोडक्यात असा: १०० किलोचा उपग्रह, ५०० किलोमीटरवरची ध्रुवीय कक्षा, २०० वॅटचा झेनॉनवर चालणारा हॉल थ्रस्टर (वायूचे आयन विद्युत आणि चुंबकीय क्षेत्राने वेगात बाहेर फेकून जोर देणारे छोटे इंजिन), टाकीत ३ किलो झेनॉन. जमिनीवरच्या चाचणीत जोर १३ मिलिन्यूटन मोजला होता. रोज वीस मिनिटांचे एक फायरिंग होते. सहा महिन्यांनी कक्षेच्या हिशेबातून जोर ८ टक्के कमी निघतो आहे. थ्रस्टर झिजला का? आणि यापुढे त्याची निगा कशी राखायची?

सहा महिन्यांत रोज वीस मिनिटे, म्हणजे एकूण जेमतेम ६० तास. चुंबकीय कवच (भिंतीची झीज रोखणारी चुंबकीय रचना) नसलेल्या या आकाराच्या थ्रस्टरचे आयुष्य साधारण हजार-दोन हजार तासांचे असते. साठ तासांत डिस्चार्ज-नळीची (जिच्यात झेनॉनचा प्लाझ्मा पेटतो तिची) भिंत एवढी झिजत नाही की जोर ८ टक्के उतरेल. म्हणून संशयितांचा क्रम असा ठेवा: आधी तुमचे मोजमाप, मग झेनॉनचा प्रवाह, मग कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग), आणि सगळ्यात शेवटी नळी. प्रत्यक्षात बहुतेक जण हा क्रम उलटा लावतात आणि नको ते आकडे बदलून बसतात.

मोजमापापासून सुरुवात करू. कक्षेत थ्रस्ट मोजायचा तराजू नसतो. कक्षा किती उचलली गेली यावरूनच जोर काढावा लागतो. ५०० किलोमीटरवर वेगात सेकंदाला १ मीटरची भर पडली की अर्धदीर्घ अक्ष (कक्षेची सरासरी त्रिज्या) सुमारे १.८ किलोमीटरने वाढतो. १३ मिलिन्यूटन गुणिले १२०० सेकंद म्हणजे १५.६ न्यूटन-सेकंद, १०० किलोला त्यातून ०.१५६ मीटर प्रतिसेकंद मिळतात, आणि कक्षा सुमारे २८० मीटर उचलली जाते. ८ टक्के घट म्हणजे फायरिंगमागे फक्त २३ मीटर कमी.

आता या २३ मीटरांच्या शेजारी हवेचा रोध ठेवून बघा. ५०० किलोमीटरवर सूर्य मध्यम सक्रिय असताना घनता घनमीटरला ५ × १०⁻¹³ किलोच्या आसपास धरली आणि समोरचे क्षेत्रफळ ०.६ चौरस मीटर, तर रोध सुमारे २० मायक्रोन्यूटन येतो. थ्रस्टच्या तुलनेत तो नगण्य, पण तो चोवीस तास चालू असतो. दिवसभरात १.७ न्यूटन-सेकंद, म्हणजे तुमच्या एका फायरिंगच्या ११ टक्के. कक्षा रोज सुमारे ३० मीटर खाली. घनता दुप्पट झाली की आणखी ११ टक्के जोर ‘गायब’ झालेला दिसेल आणि थ्रस्टरला काहीही झालेले नसेल. भूचुंबकीय वादळात अशी वाढ सहज होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये ४९ स्टारलिंक उपग्रह २१० किलोमीटरवर सोडले आणि पाठोपाठ आलेल्या साध्याच वादळात रोध आधीच्या उड्डाणांपेक्षा ५० टक्क्यांपर्यंत वाढला. त्यातले बहुतेक उपग्रह परत वातावरणात कोसळले. त्यांचे थ्रस्टर बिघडलेले नव्हते.

यावर उपाय दोन. पहिला, मोजणीच्या फायरिंगआधी पूर्ण एक दिवस आणि नंतर पूर्ण एक दिवस काहीही न पेटवता जीपीएसच्या नोंदी घ्या. दोन्ही दिवसांचा उतार काढून रोध वजा करा. दुसरा उपाय जास्त भक्कम: एकाच दिवसात सहा फायरिंग करा. कक्षा १.७ किलोमीटर उचलली जाते आणि त्यात रोधाचा वाटा २ टक्क्यांखाली येतो. दर महिन्याला एक ‘संदर्भ दिवस’ ठरवून हे करा: तेच डिस्चार्ज व्होल्टेज, तोच प्रवाह, टाकीचे आणि पीपीयूचे (थ्रस्टरला वीज पुरवणाऱ्या युनिटचे) जवळपास तेच तापमान. पुढच्या सगळ्या निदानाचा पाया हाच आहे. तो नसेल तर प्रत्येक आकड्याला ‘पण त्या दिवशी परिस्थिती वेगळी होती’ हे शेपूट लागते.

अक्ष काढताना क्षणिक मूल्य घेऊ नका. पृथ्वीच्या फुगीर विषुववृत्तामुळे ध्रुवीय कक्षेत क्षणिक अर्धदीर्घ अक्ष एका फेरीत दोनदा, दोन्ही बाजूंना सुमारे ९ किलोमीटर झुलतो. त्यात २३ मीटर शोधणे अशक्य. सरासरी मूल्यच वापरा; एका दिवसाच्या चांगल्या जीपीएस नोंदींतून ते काही मीटरपर्यंत नक्की होते. दोन ओळींच्या सार्वजनिक कक्षा-नोंदींवर हे गणित उभे करू नये.

दुसरी सापडणारी चूक वेळेची. आज्ञा वीस मिनिटांची असते, पण कॅथोड तापणे, कीपर (कॅथोडसमोरचा, त्याला पेटवणारा इलेक्ट्रोड) पेटणे आणि डिस्चार्ज स्थिर होणे यात त्यातलीच ९० सेकंद गेली तर ७.५ टक्के जोर तिथेच संपला. फायरिंगचा काळ आज्ञेवरून नव्हे, डिस्चार्ज करंटच्या टेलिमेट्रीवरून (उपग्रहाकडून येणाऱ्या मोजमापांवरून) मोजा, आणि ती टेलिमेट्री सेकंदाला निदान एक नमुना या दराने साठवा. कॅथोड म्हातारा होऊ लागला की पेटायला वेळ लागतो, आणि तो उशीर इथे ‘थ्रस्ट घटला’ या रूपात दिसतो. दिशेची चूक मात्र बहुतेक निर्दोष निघते: ८ टक्के कमी यायला उपग्रह २३ अंश तिरका असावा लागेल, आणि तेवढे तिरकेपण स्टार ट्रॅकरने कधीच सांगितले असते.

जमिनीवरच्या १३ मिलिन्यूटनबद्दलही सावध राहा. निर्वात टाकीत थोडा वायू उरतोच. थ्रस्टर तो आत ओढून घेतो आणि फुकटचा जोर दाखवतो. शिवाय टाकीच्या धातूच्या भिंतींतून इलेक्ट्रॉनांना परतीची वाट मिळते, ती कक्षेत नसते. त्यामुळे अवकाशातला जोर काही टक्के कमी येणे स्वाभाविक आहे. तुलना जमिनीशी नको, कक्षेतल्या पहिल्या स्थिर फायरिंगशी करा.

एवढे सगळे वजा करूनही घट उरली, तर टेलिमेट्रीकडे वळा. हॉल थ्रस्टरमध्ये डिस्चार्ज करंट हा प्रवाहाचा जवळजवळ आरसा असतो. व्होल्टेज २५० वर स्थिर आहे आणि करंट ०.८ अँपियरवरून खाली आला, तर झेनॉन कमी पोचतो आहे: सच्छिद्र निरोधकात कण अडकला आहे, दाबाचा सेन्सर सरकला आहे, किंवा झेनॉन नेणाऱ्या नळीचे तापमान बदलले आहे. काही प्रणालींत उलट असते. नियंत्रक करंट स्थिर ठेवतो आणि त्यासाठी झडपेची किंवा थर्मोथ्रॉटलची (तापवून प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या भागाची) आज्ञा बदलतो. तिथे करंट वर्षभर सपाट दिसेल आणि खरी गोष्ट झडपेच्या आज्ञेत असेल. आपली प्रणाली कोणत्या जातीची आहे हे माहीत नसताना आलेख वाचणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

करंट तोच, प्रवाह तोच, पण जोर कमी, अशी स्थिती असेल तर कॅथोड आणि विद्युत ‘जमीन’ (म्हणजे उपग्रहाचा सांगाडा) यांच्यातले व्होल्टेज बघा. ते उणे २० वरून उणे ३० व्होल्टवर गेले तर आयनांना ढकलणारा विभवांतर १० व्होल्टने कमी होतो. वेग वर्गमुळाने बदलत असल्याने जोर सुमारे २ टक्के उतरतो. यावर सोपा इलाज आहे: कॅथोडचा प्रवाह वाढवा. कॅथोडला एकूण ०.९५ मिलिग्रॅम प्रतिसेकंदातला दहाव्या भागाइतकाच वाटा मिळतो, त्यामुळे त्यात १० टक्के भर घातली तरी एकूण खर्च १ टक्काच वाढतो. आणि करंट वाढला, त्यातला गोंगाटही वाढला, जोर मात्र तसाच राहिला, तर इलेक्ट्रॉन गळत आहेत. चुंबकाचा करंट तपासा. दर शंभर तासांनी एकदा चुंबकाचा करंट नेहमीच्या मूल्याभोवती १० टक्के वर-खाली, पाच पायऱ्यांत, प्रत्येकी तीन मिनिटे फिरवून बघावा. डिस्चार्ज करंट ज्या ठिकाणी सर्वांत कमी आणि शांत, ते नवे मूल्य. भिंत झिजत जाते तसे हे ठिकाण हळूहळू सरकते. दर वेळी ते सरकलेले सापडले तर घाबरण्याचे कारण नाही. एकदम उडी मारली तर वायरिंग किंवा गुंडाळी बघा.

कॅथोडवर थोडे अधिक बोलतो, कारण लहान उपग्रहांवर तो एकच असतो आणि तो गेला की मोहीम गेली. लँथॅनम हेक्झाबोराइडचा कॅथोड १६०० अंश सेल्सियसच्या आसपास चालतो आणि अशुद्ध वायू बराच सहन करतो. बेरियमवाला हजार-अकराशे अंशांवर चालतो, पण ऑक्सिजन आणि ओलाव्याने त्याला विषबाधा होते. गरम बेरियम कॅथोडवरून अशुद्ध वायूचा एक झोतही नुकसान करू शकतो, म्हणून त्याच्या बाबतीत झेनॉनच्या शुद्धतेवर आणि नळ्या धुण्यावर तडजोड करू नये. तीन आकड्यांची नोंद प्रत्येक वेळी ठेवा: कीपरला व्होल्टेज दिल्यापासून पेटेपर्यंतचा वेळ, ठरावीक सेकंदाला हीटरचा विद्युत रोध, आणि स्थिर झाल्यावर कीपरचे व्होल्टेज. पेटण्याचा वेळ वाढत गेला तर आधी तापवण्याचा काळ ३० सेकंदांनी वाढवा. हीटरचा करंट वाढवणे हा नंतरचा उपाय, कारण हीटरची तार हाच बहुधा पहिला तुटणारा भाग. ३ किलो झेनॉन सुमारे ८७० तास पुरेल. वीस-वीस मिनिटांनी वापरलात तर २६०० वेळा पेटवावे लागेल, तीस मिनिटांनी सुमारे १७००. प्रत्येक पेटवणे कॅथोडला तापवते-थंडावते, म्हणून बॅटरी आणि तापमान परवानगी देत असतील तर कमी पण लांब फायरिंग करा. हीटरच नसलेले कॅथोड हा दुसरा मार्ग. बंगळुरूच्या बेलाट्रिक्स एरोस्पेसने असा कॅथोड १ जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही-सी५८ उड्डाणात, चौथ्या टप्प्यावर उभारलेल्या पोएम मंचावर नेला होता. पहिल्यांदाच विद्युत-प्रणोदन उडवणाऱ्या संघांनी या वाटेचा गंभीरपणे विचार करावा. पुण्याचा ‘स्वयम्’ आणि मुंबईचा ‘प्रथम’ हे २०१६ चे विद्यार्थी-उपग्रह थ्रस्टरशिवायच उडाले; त्यापुढचे पाऊल टाकताना पूर्ण थ्रस्टरआधी फक्त कॅथोड पेटवून पाहणे शहाणपणाचे आहे.

पहिल्यांदा पेटवताना, किंवा कित्येक आठवडे बंद राहिल्यावर, हा क्रम पाळा:

१. प्रक्षेपणानंतर निदान आठवडाभर थांबा. उपग्रहातून बाहेर पडणारा ओलावा आणि वाफा उच्च व्होल्टेजच्या भागांभोवती रेंगाळतात.

२. दोन्ही झडपा बंद ठेवून कमी दाबाच्या नळीचा दाब रात्रभर बघा. उतरला तर थ्रस्टरकडची झडप गळते आहे. चढला तर टाकीकडची.

३. नळीतून काही मिनिटे झेनॉन सोडून ती धुवा. व्होल्टेज अजून द्यायचे नाही.

४. कॅथोड कमी करंटवर, मग मधल्या, मग पूर्ण, असा काही तासांत टप्प्याटप्प्याने तापवा. नंतर फक्त कीपर पेटवून पाच-दहा मिनिटे चालवा.

५. डिस्चार्ज कमी शक्तीवर पाच मिनिटे. थंड होऊ द्या, मग दहा, मग वीस.

पहिल्या तास-दोन तासांत करंट चढा आणि अस्थिर असणारच. डिस्चार्ज-नळीचे बोरॉन नायट्राइड ओलावा धरून ठेवते आणि तो बाहेर पडत असतो. तेवढ्यासाठी पीपीयूची अतिकरंट-मर्यादा थोडी सैल ठेवा आणि नंतर आठवणीने आवळा. पेटवण्याचे सलग तीन प्रयत्न फसले की थांबा, निदान अर्धा तास थंड होऊ द्या आणि नोंदी खाली उतरवून वाचा.

प्लाझ्माशी संबंध नसलेल्या बिघाडांना तयार राहा. माझ्या मते लहान उपग्रहांत त्यांचीच संख्या मोठी आहे. युरोपच्या स्मार्ट-१ यानाचा (२००३ ते २००६) थ्रस्टर सुमारे ५००० तास चालला, पण किरणोत्सर्गामुळे एका ऑप्टोकपलरमध्ये (प्रकाशातून संकेत पोचवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागात) खोटे संकेत उठून तो मध्येच विझायचा. उपाय सॉफ्टवेअरचा होता: आपोआप पुन्हा पेटवण्याची व्यवस्था. तुमच्याही संगणकात ती असू द्या, पण प्रयत्नांच्या मर्यादेसह. आणि दक्षिण अटलांटिकच्या किरणोत्सर्गी पट्ट्यावरून जाताना थ्रस्टर पेटवणे टाळा. २०२२ च्या नोव्हेंबरात निघालेल्या लुनाह-मॅप या छोट्या यानाचा आयोडीन थ्रस्टर पेटलाच नाही. संशय अडकलेल्या झडपेवर होता, आणि ती तापवून सोडवण्याचे प्रयत्न यशस्वी झाले नाहीत. घन इंधन भरून ठेवलेले यान प्रक्षेपणाची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहणे धोक्याचे असते, हे आयोडीन निवडणाऱ्यांनी आराखड्यातच धरावे. जाळीवाल्या आयन थ्रस्टरमध्ये दोन जाळ्यांमध्ये कण अडकून शॉर्ट होतो. डीप स्पेस १ चा थ्रस्टर नोव्हेंबर १९९८ मध्ये साडेचार मिनिटांत बंद पडला. यान उन्हात-सावलीत फिरवून जाळ्या तापवल्या-थंडावल्या, आणि दोन आठवड्यांनी तो नीट पेटला. जपानच्या ६५ किलोच्या प्रोसिऑनचा आयन थ्रस्टर मात्र सुमारे २२० तासांनी, मार्च २०१५ मध्ये, अशाच धातूच्या कणाने कायमचा थांबला. जोडणीच्या खोलीतली स्वच्छता ही कक्षेतल्या देखभालीचीच पहिली पायरी आहे. तिथे राहिलेला कण वर काढता येत नाही.

जोडण्यांत लवचिकता ठेवली तर काय होते याचे माझे आवडते उदाहरण जपानच्या हायाबुसा यानाचे. २००९ च्या नोव्हेंबरात त्याचे चार आयन थ्रस्टर एकेक करून निकामी होत आले, तेव्हा एका थ्रस्टरचा न्यूट्रलायझर (बाहेर पडणाऱ्या आयनांना इलेक्ट्रॉन देणारा भाग) आणि दुसऱ्याचा आयन-स्रोत जोडून एक चालता थ्रस्टर उभा केला गेला. हे शक्य झाले कारण बांधतानाच त्या दोघांमध्ये एक डायोड घालून ठेवला होता.

टाकीबद्दल. झेनॉनचा क्रांतिक बिंदू १६.६ अंश सेल्सियस आहे, म्हणजे खोलीच्या तापमानाला अगदी लागून. त्याच्या आसपास टाकीचे तापमान अर्धा अंश इकडे-तिकडे झाले तरी दाब-तापमानावरून काढलेले वस्तुमान भलतेच येते, आणि त्याखाली टाकी गेली तर काही झेनॉन द्रव होऊ शकतो. टाकी २५ ते ३० अंशांवर ठेवा, दोन ठिकाणी सेन्सर लावा आणि हिशेब दोन पद्धतींनी करा: प्रवाह गुणिले वेळ, आणि दाब-तापमान. पहिल्या पद्धतीत चूक साठत जाते. दुसरी पद्धत, टाकी रिकामी होत जाईल तशी, अधिक अचूक होते. दोन्हींत फरक वाढू लागला तर आधी प्रवाहाच्या आकड्यावर संशय घ्या. मूळ प्रश्नातली घट प्रवाहामुळे असेल तर हा फरक तिची साक्ष देईल.

उपग्रहाच्या वृत्ती-नियंत्रणावर (दिशा राखण्याच्या यंत्रणेवर) पडणारा भारही निगेतच येतो. जोराची रेषा वस्तुमानकेंद्रापासून ५ मिलिमीटर बाजूने गेली तर वीस मिनिटांत ०.०८ न्यूटन-मीटर-सेकंद इतका कोनीय संवेग रिअॅक्शन व्हीलमध्ये (उपग्रहाला वळवणाऱ्या फिरत्या चाकात) साठतो. १०० किलोच्या उपग्रहाला तो झेपतो, पण सलग सहा फायरिंगमध्ये प्रत्येकानंतर मॅग्नेटोर्करने (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर रेटा देणाऱ्या गुंडाळीने) चाक मोकळे करायला वेळ ठेवा. थ्रस्टरच्या चुंबकामुळे मॅग्नेटोमीटर बिघडलेले आकडे देतो. फायरिंगपुरता तो नियंत्रणातून बाहेर काढून स्टार ट्रॅकरवर चालवा.

इतर जातींबद्दल थोडक्यात. इंडियमवर चालणाऱ्या फील्ड-एमिशन थ्रस्टरमध्ये धातू १५७ अंशांवर वितळवावा लागतो. तिथे त्याच करंटसाठी लागणारे व्होल्टेज वाढत गेले की सुया (ज्यांच्या टोकांतून आयन निघतात) बंद होत आहेत असे समजा. इंधन वितळलेले ठेवून कमी करंटवर हळूहळू चढणे हा पहिला प्रयत्न. आयोडीनमध्ये टाकीपासून झडपेपर्यंतचा प्रत्येक भाग टाकीपेक्षा गरम हवा, नाहीतर आयोडीन वाटेतच गोठते; अॅल्युमिनियम आणि लोखंड ते खाते. तरी तो रस्ता चालतो हे २०२० मध्ये सोडलेल्या बेइहांगकाँगशी-१ या १२ युनिटच्या उपग्रहाने दाखवले आहे. आणि वायू बदलला तर झेनॉनच्या मर्यादा तशाच वापरू नका: क्रिप्टॉनचे आयनीकरण १४ इलेक्ट्रॉन-व्होल्टला होते, झेनॉनचे १२.१ ला, त्यामुळे प्रवाह, तापमान आणि करंटमधला गोंगाट या सगळ्यांचे नेहमीचे आकडे बदलतात.

धडक टाळण्यासाठी हा थ्रस्टर दुबळा वाटतो, पण वेळ मिळाला तर पुरेसा आहे. वीस मिनिटांचे एक फायरिंग १२ तास आधी केले तर उपग्रह कक्षेच्या दिशेने सुमारे २० किलोमीटर सरकतो. दोन तास आधी केले तर तीनच. म्हणून इशारा आल्यावर ‘अजून अचूक अंदाज येऊ दे’ म्हणत थांबण्याची सवय इथे महागात पडते. योजना २४ ते ३६ तास आधी तयार आणि उपग्रहावर चढवलेली असावी.

शेवटचा साठा आजच वेगळा काढा. ५०० वरून ३५० किलोमीटरपर्यंत सर्पिल उतरायला सुमारे ८५ मीटर प्रतिसेकंद लागतात, म्हणजे ०.६ किलोपेक्षा थोडे जास्त झेनॉन. जोर घटलेला असेल, काही फायरिंग फसतील हे धरून ०.८ किलो राखून ठेवा. त्यात टाकीचा दाब नियामकाच्या किमान दाबाखाली गेल्यावर अडकून राहणारा वायू धरू नका, तो वापरता येत नाही. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये मोहीम संपल्यावर पाच वर्षांत उपग्रह खाली आणण्याचा नियम केला आहे, आणि ३५० किलोमीटरवरून या आकाराचा उपग्रह काही महिन्यांत स्वतःच उतरतो. उतरणे कधी सुरू करायचे हे ठरवताना झेनॉनच्या दोन हिशेबांपैकी जो कमी असेल तोच खरा माना. ३५० किलोमीटरवर पोचल्यावर उरलेला झेनॉन पीपीयू बंद असताना, थोडा-थोडा करून, चाके मोकळी ठेवत सोडा, आणि मग पीपीयू मुख्य वीजवाहिनीपासून तोडा.